पेनांगच्या चिनी लग्नाला जाऊन आलो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या नोव्हेंबरात मलेशियात पेनांगला कॉलेजच्या मित्राच्या लग्नाला जाऊन आलो. तेव्हापासून आई, मावशी, ऑफिसमधली मंडळी आणि ज्यांना स्वतःला असं एखादं आमंत्रण आलंय ते, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतायत. तर एकदाच सगळं लिहून टाकतो, आता परत विचारलंत तर हेच पाठवणार.

कोणाचं लग्न? आणि तुझा काय संबंध?

२०११ ला मी मास्टर्सला इंग्लंडात लीड्सला गेलो होतो. हाइड पार्क नावाच्या एरियात लाल विटांच्या चाळीसारख्या घरांची रांग असते, त्यातल्या एका घरात आम्ही पाच जण. मी नाशिकचा, एक नायजेरियातल्या लागोसचा, एक अथेन्सची, एक पोलंडमधल्या क्राकोवचा आणि हा पेनांगचा. किचन एकच, बाथरूम दीड. मी मोहरीची फोडणी घातली की स्मोक अलार्म बोंबलायचा, मग पेनांगकर खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालायचा, आणि तो कोळंबीच्या वाळवलेल्या चटणीचा सांबाल परतायला लागला की तोच टॉवेल माझ्या हातात. त्याचा राइस कुकर आणि माझा शिट्टीवाला कुकर, या दोघांवर ते घर वर्षभर जेवलं. क्राकोववाला पहिल्या शिट्टीला घराबाहेर पळाला होता, हे त्याला मान्य नाही पण खरं आहे.

पुढे ५-६ एप्रिल २०१२ च्या सुमाराला इंग्लंडने शिक्षणानंतर दोन वर्षं नोकरीसाठी राहू देणारा व्हिसाच बंद केला. आमच्या बॅचचे हाल तिथेच झाले, रिझल्ट लागायच्या आधीच दार बंद. युरोपातल्या दोघांना प्रश्न नव्हता, पण आम्ही तिघं बॅगा भरून आपापल्या घरी. त्यानंतर पाचही जण एका जागी जमले ते थेट या लग्नात, तेरा वर्षांनी.

मलेशियाचा मुलगा, मग लग्न चिनी कसं?

मलेशियात जवळपास पाव लोक चिनी वंशाचे आहेत आणि पेनांगात तर खूपच. १७८६ ला इंग्रजांनी तिथे बंदर वसवलं, जॉर्ज टाउन, तेव्हापासून दक्षिण चीनमधून लोक येत गेले. पेनांगकडचे बरेचसे फुजियान प्रांतातले, भाषा होक्किएन. नवरी इपोहची, म्हणजे दोन-अडीच तासांवरची, आणि तिच्याकडे कँटोनीज बोलतात. म्हणजे आपल्याकडे कोकणस्थ-वऱ्हाडी लग्न व्हावं तसं, दोन्हीकडच्या आत्या आपलीच पद्धत बरोबर म्हणून ठाम. चीनमधलं लग्न मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खाली जे आहे ते मलेशियातल्या चिन्यांचं समजा.

व्हिसा लागतो का? पोचायचं कसं?

भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आधी नियम बघून घ्या, हे बदलत असतं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर पळा. मुंबई ते क्वालालंपूर आणि तिथून तासाभराचं विमान. लागोसवाल्याला मात्र व्हिसा लागतो आणि तो निघायच्या दोन दिवस आधी हातात पडला, तोवर ग्रुपवर आमच्या सगळ्यांचा जीव टांगणीला.

लग्न आधी ठरलं होतं ना, मग इतकं पुढे का गेलं?

हा किस्सा ऐकून माझी आई म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच की." त्यांचंही पंचांग आहे आणि तेही आपल्यासारखं चंद्र-सूर्य दोघांना धरून चालतं, म्हणजे त्यांच्याकडेही अधिक महिना येतो. वसंताची सुरुवात म्हणून एक दिवस असतो, लीचुन, दरवर्षी ३-४ फेब्रुवारीला. आता झालं काय की ड्रॅगनचं वर्ष होतं १० फेब्रुवारी २०२४ ते २८ जानेवारी २०२५, म्हणजे त्या अख्ख्या वर्षात लीचुन आलाच नाही. अशा वर्षाला विधवा वर्ष म्हणतात. पोरगा इंजिनीयर, पोरगी फार्मासिस्ट, दोघांचाही विश्वास नाही, पण पोरीच्या आजीने एकच वाक्य टाकलं की मी गेल्यावर करा मग तुमच्या मनासारखं, आणि विषय संपला. पुढचं सापाचं वर्ष लागलं २९ जानेवारी २०२५ ला, त्यात अधिक सहावा महिना असल्याने वर्ष लांबलं आणि लीचुन दोनदा आला. दोन वसंत म्हणजे लग्नाला एकदम भारी. आपण अधिक मासात लग्न लावत नाही आणि त्यांच्याकडे अधिक महिन्याचं वर्ष शुभ, हे मला फार आवडलं.

बरं, २०२५ मध्ये तरी सप्टेंबर का नाही? तर सातवा महिना भुतांचा. पितर वर येतात, त्यांना जेवण वाढायचं, शुभकार्य नाही. २०२५ ला तो महिना संपला २१ सप्टेंबरला आणि आपली सर्वपित्री अमावस्याही त्याच दिवशी होती. हे मी फोनवर त्याच्या आईला सांगितलं तर ती पोराला म्हणाली, बघ, इंडियाला पण माहितीय.

आहेर किती द्यायचा? पाकिटावर एक रुपया लावायचा का?

नाही!! प्लीज नाही. मी नाशिकहून छान सोनेरी पाकीट नेलं होतं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं, म्हटलं आपली पद्धत दाखवू. आदल्या रात्री नवरदेवाने ते टेबलावर बघितलं आणि हसावं की रडावं त्याला कळेना. आपण ५०१ देतो कारण वरचा एक म्हणजे नातं पुढे चालू. त्यांच्याकडे विषम आकडा दुःखाच्या प्रसंगाला, लग्नात सगळं जोडीने, म्हणून सम. त्यातही चार नको, कारण चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. आठ मात्र जोरात, आठ म्हणजे भरभराट.

पाकीट लाल, त्याला आंगपाव म्हणतात. रक्कम ठरते ती जेवण कुठे आहे त्यावरून, म्हणजे साध्या रेस्टॉरंटात असेल तर कमी, मोठ्या हॉटेलात असेल तर जास्त, कारण तुमच्या खुर्चीचा खर्च तरी निघावा असा हिशोब असतो आणि तो कोणी लपवतही नाही. मी १८८ रिंगिट दिले. रिंगिट तेव्हा साधारण एकवीस रुपयांचा होता. आता १८८ करायचे म्हणजे शंभर, पन्नास, वीस, दहा, पाच आणि एकाच्या तीन नोटा, त्याही कोऱ्या. एकाच्या कोऱ्या नोटांसाठी मी सकाळी तीन दुकानांत तीन कॉफ्या प्यायलो.

हॉलच्या दाराशी लाल कापडाचं टेबल, दोन काकू बसलेल्या, एक पाकीट घेते आणि दुसरी वहीत नाव लिहिते. डिट्टो आपली आहेराची वही. आणि तिथेच आमची चर्चा सुरू झाली, लागोसवाला म्हणे आमच्याकडे नाचणाऱ्या नवरा-नवरीवर नोटा उधळतात, अथेन्सवाली म्हणे तिच्या आजोळच्या बेटावर नवरीच्या ड्रेसला पिनने टोचतात. वहीवाल्या काकूंनी लागोसवाल्याच्या हातातल्या सुट्ट्या नोटा बघून शांतपणे त्याच्यापुढे एक रिकामं लाल पाकीट सरकवलं.

पाकिटाऐवजी वस्तू दिली तर? भिंतीवरचं घड्याळ वगैरे?

घड्याळ तर अजिबातच नको. घड्याळ देणं आणि शेवटचा निरोप द्यायला जाणं, दोन्हीचा उच्चार एकच होतो. आपल्याकडे लग्नात निम्मे लोक घड्याळच देतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. सुऱ्यांचा सेटही नको, छत्री नको. पाकीट द्या आणि मोकळे व्हा.

कपडे काय घालायचे?

पांढरा नको, काळा शक्यतो नको, आणि बायकांनी भडक लाल नको कारण तो नवरीचा. बाकी तुम्ही शेरवानी घालून जा नाहीतर साधा शर्ट, दोन्ही चालतं, खरं सांगायचं तर मलेशियात डिनरला लोक बऱ्यापैकी साधे येतात, आपल्यासारखी जरी-पैठणीची चढाओढ नाही.

मी सगळ्यांसाठी फेटे नेले होते. चार केशरी आणि एक मस्त बाटली-हिरवा, तो खास नवरदेवासाठी. त्याच्या मोठ्या भावाने हिरवा उचलला, बघितला, आणि सोफ्यावर लोळून हसायला लागला. चिनी लोकांत पुरुषाने डोक्यावर हिरवं घालणं म्हणजे बायको दुसऱ्याबरोबर आहे असं जाहीर करणं. लग्नाच्या दिवशी! तो फेटा शेवटी माझ्याच बॅगेत परत आला. केशरी मात्र हिट गेले, तीन हाऊसमेट आणि मी असे चार मुंडाशीवाले एका टेबलावर, प्रत्येक आजी येऊन फोटो काढून गेली.

सकाळी काय असतं? तुला कारलं खायला लावलं म्हणे?

लावलं. सकाळी सातला नवरदेव गाड्या घेऊन नवरीला आणायला जातो, बरोबर मित्रांची गँग, तिला कँटोनीजमध्ये हेंग दाई म्हणतात, म्हणजे भाऊलोक. नवरीच्या दारात तिच्या मैत्रिणी, जी मुई, वाट अडवून उभ्या. नवरीचं घर इपोहला, म्हणून तिच्याकडच्यांनी हॉटेलात एक सुईट घेतलेला, तर अख्खा राडा नवव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये. आपल्याकडे कानपिळीत नवरीचा भाऊ कान पिळतो आणि अंगठी-कपडे घेऊन सोडतो ना, तेच, फक्त तासभर.

मुख्य खेळ आंबट, गोड, कडू, तिखट. संसारात चारही चवी येतात तर आधीच चाखा, अशी कल्पना. ट्रेमध्ये चार वाट्या. क्राकोववाल्याला लिंबाची फोड, नवरदेवाच्या भावाला कंडेन्स्ड मिल्कचा मोठा चमचा, लागोसवाल्याला ती छोटी जहाल मिरची (त्याने ती शेंगदाण्यासारखी चावली, मैत्रिणींची तोंडं बघण्यासारखी होती), आणि कच्च्या कारल्याच्या चकत्या माझ्यासमोर. आता मी आजीच्या हातचं कारलं खाऊन मोठा झालेला माणूस, म्हटलं हे काय, आणि चार चकत्या एकदम तोंडात टाकल्या. आपल्या कारल्याला मीठ लावून पिळून काढतात हे मी विसरलो होतो. हे न पिळलेलं. डोळ्यात पाणी, आणि व्हिडिओग्राफर झूम करतोय.

त्यानंतर पाकिटांवरून घासाघीस. मैत्रिणींनी आकडा सांगितला, आम्ही निम्मा सांगितला, दारातून एक हात बाहेर आला, त्यात पाकीट ठेवलं, हात आत गेला, आतून मोजल्याचा आवाज, हात परत बाहेर. असं चार वेळा झाल्यावर कोणीतरी आठवण केली की चार नको, मग पाचवं आणि सहावं पाकीट द्यावं लागलं.

चहाचा कार्यक्रम म्हणजे काय? आपल्याला चहा मिळतो का?

नाही, तो चहा मोठ्यांसाठी. लाल खजूर आणि सुकवलेलं लोंगन नावाचं फळ घातलेला गोड चहा छोट्या कपात, नवरा-नवरी गुडघे टेकून दोन्ही हातांनी देतात, मोठे बसून पितात आणि मग पाकीट नाहीतर सोनं देतात. सासूने नवरीच्या गळ्यात साखळी स्वतः घातली आणि हुक लागेना, तर आत्या चष्मा शोधायला धावली. दोन मिनिटं नवरी मान खाली घालून तशीच बसलेली, आणि ट्रेमधला कप हळूहळू घसरतोय, मी नुसता तोच बघत होतो.

क्रम चुकला तर रुसवे. आधी आजी-आजोबा, मग मोठे काका, मग धाकटे, आणि इथे मला अचानक सगळं कळायला लागलं. इंग्रजीत सगळे अंकल-आंटी, पण होक्किएनमध्ये आत्या म्हणजे आ-को, मावशी आ-ई, मामा आ-कू, बापाचा मोठा भाऊ आ-पेक, धाकटा आ-चेक. अथेन्सवाली गोंधळून विचारत होती की ही कोण ती कोण, आणि मी तिला धडाधड सांगत होतो. लीड्समध्ये तो फोनवर "आ-को" म्हणायचा तेव्हा मला वाटायचं मैत्रीण आहे. आत्या निघाली.

मग लग्न नक्की लागलं कधी? अक्षता?

हा प्रश्न मावशीचा. अक्षतांसारखा एकच क्षण नाही. कायद्याने त्यांचं रजिस्टर लग्न सात महिने आधीच झालं होतं. तिथे हे कॉमन आहे, नोंदणी आधी, चहा आणि जेवण चांगल्या दिवशी. पण नातेवाइकांच्या हिशोबात चहा दिल्याशिवाय सून झालीच नाही.

जेवायला काय असतं? शाकाहारी माणसाचं काय?

पत्रिकेत सात लिहिलं होतं, पहिली डिश आली सव्वाआठला, आणि हे वेळेवर धरतात म्हणे. त्यामुळे पाचला काहीतरी पोटात टाका. दहा जणांचं गोल टेबल, मधे फिरती काच. दिवे मालवून म्युझिक लावून वेटरांची रांग पहिली डिश मिरवत आणते, थंड पदार्थांचं मोठं ताट. मग सूप, कोंबडी, अख्खा वाफवलेला मासा, कोळंबी, मश्रूम-ब्रोकोली, भात, शेवटी गरम गोड सूप. प्रत्येकाला अर्थ. मासा कारण मासा आणि शिल्लक यांचा उच्चार एक, कोळंबी कारण कँटोनीजमध्ये ती "हा", म्हणजे हसणं. मासा मला जन्मात विसरायचा नाही, नुसतं आलं, सोया आणि वरून ओतलेलं कडकडीत तेल.

अथेन्सवाली शाकाहारी, तिने आधीच कळवलेलं. तर तिच्यासाठी प्रत्येक फेरीला वेगळी प्लेट, आणि बौद्ध पद्धतीचं असल्याने त्यात कांदा-लसूणही नाही, म्हणजे आपला चातुर्मासच. एक काकू सारखी येऊन तिच्या प्लेटकडे बोट करून "छाय, छाय" म्हणायची. मी अर्धा तास चहाची वाट बघत बसलो. होक्किएनमध्ये छाय म्हणजे भाजी.

उरलेलं बांधून न्यायला कोणी लाजत नाही, आमच्या टेबलावरच्या आजोबांनी पिशव्या घरूनच आणलेल्या.

याम सेंग काय प्रकार आहे?

कपातलं संपवा, असा अर्थ. स्टेजवर घरचे ग्लास घेऊन उभे, आणि सगळा हॉल एकदम "याsssssम" असा जो सूर धरतो तो जेवढा लांबेल तेवढा लांबवायचा आणि मग "सेंग!" असं तीनदा. श्वास जास्त वेळ टिकवायचा एवढंच कौशल्य. गणपतीत आरती म्हणून घसा तयार असलेल्या माणसाला अवघड नाही, "येई हो विठ्ठले" मधला "निढळावरी कर" जसा ताणतो तसाच. तिसऱ्या फेरीला शेजारची दोन टेबलं माझ्याकडे बघत होती. ग्लासात चहा असला तरी चालतो. त्यानंतर काकालोकांचं कराओके, त्याबद्दल न बोललेलं बरं.

तेरा वर्षांनी भेटून ऑकवर्ड नाही झालं?

झालं की. एअरपोर्टवर पहिली दहा मिनिटं अरे तू जाड झालास, मुलं किती, काम काय, आणि मग शांतता. चौघंही फोन बघतोय. व्हॉट्सॲपवर रोज जोक टाकणारी माणसं समोरासमोर आली की काय बोलायचं कळत नाही.

म्हणून माझं एकच सांगणं आहे आणि हे आहेरापेक्षा महत्त्वाचं आहे: लग्नाच्या दिवशी पोचून दुसऱ्या दिवशी निघू नका, आणि प्रत्येकाने वेगळी हॉटेलची खोली घेऊ नका. आम्ही जॉर्ज टाउनमध्ये एक अख्खा फ्लॅट घेतला, दोन दिवस आधीपासून. किचन एक, बाथरूम दीड, मुद्दाम नाही, तसाच मिळाला. पहिल्या सकाळी क्राकोववाला बाथरूममध्ये पंचवीस मिनिटं आणि अथेन्सवाली दारावर थापा मारतेय, "दुसरे पण आहेत घरात!" अगदी त्याच आवाजात. झालं, ऑकवर्डपणा तिथेच संपला. मी जिरं टाकून भात केला. अलार्म नव्हता, तरी लागोसवाला टॉवेल घेऊन उभा.

नवरदेव भेटतो का?

लग्नाच्या दिवशी विसरा. टेबलाजवळ आला, ग्लास लावला, फोटो, पुढे. मी घड्याळात बघितलं, दीड मिनिट. नवरी तर तीनदा कपडे बदलून आली.

भेटला तो रात्री साडेबाराला. आम्ही नासी कांदारच्या हॉटेलात बसलो होतो, ही तमिळ मुसलमानांची भाताची हॉटेलं रात्रभर चालू असतात, भातावर चार-पाच रश्श्यांचा पूर आणायला सांगायचा, "बंजिर", म्हणजे पूरच. तिथे नवरदेव आला, केसांत स्प्रे, गालावर मेकअप, पायात स्लिपर, बरोबर नवरी घरच्या टी-शर्टात. दिवसभर दोघांनी धड काही खाल्लेलं नव्हतं. तो बसला, माझी प्लेट स्वतःकडे ओढली आणि न विचारता खायला लागला. नवरी म्हणाली, हा असंच करायचा का? आम्ही चौघं एकदम हो म्हणालो.

आणि ते अठरा पौंड?

हे फक्त ग्रुपवाले विचारतात, पण लिहून ठेवतो. लीड्सच्या घरात किचनमध्ये कॉफीच्या डब्यात घरखर्च जमा व्हायचा, आठवड्याला पाच पौंड, आणि घर सोडताना क्राकोववाल्याकडे नवरदेवाचे सतरा निघत होते. तेरा वर्षं त्यावरून टोमणे. त्या रात्री त्याने खिशातून लाल पाकीट काढलं, म्हणाला व्याजासकट, सतरा विषम म्हणून अठरा. नवरदेवाने उघडलं. दहाची कागदी नोट, पाचची कागदी नोट आणि तीन जुनी गोल नाणी, २०१२ पासून जपून ठेवलेली. पाचची नोट मे २०१७ ला रद्द झाली, नाणी ऑक्टोबर २०१७ ला, दहाची मार्च २०१८ ला. नोटा बदलून हव्या असतील तर आता बँक ऑफ इंग्लंडकडे धाडाव्या लागतील. नासी कांदारचं बिल मी भरलं.